डोंगरावर चढलेली शेतं

१

त्या दिवशी सकाळी जंगलात शेतं उगवली.

एखाद-दुसरं नव्हे, चांगली एकाला एक लागून, डोंगराच्या उतारावर. जिथे झाडांच्या दाटीत माणसाला पाऊल टाकायला जागा नाही, तिथे कुणीतरी पिवळ्या रेषांनी शेतांच्या कडा आखून ठेवल्या होत्या. तपासनीसबाईंनी चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. शेतं होती तिथेच होती.

"अगं बाई!" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "रात्रीत पेरणी झाली की काय?"

बाई ज्या कचेरीत काम करत, तिथे साऱ्या जगाची शेतजमीन नकाशावर उतरवायचं काम चाले. उपग्रह वरून फोटो काढतो. त्या फोटोचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्यात शेत कुठलं, रान कुठलं, नदी कुठली ते ओळखायचं. सपाट मुलखातलं काम संगणक आपलं आपण उरकून टाकी. डोंगराळ भाग आला की मात्र त्याची गाळण उडे, आणि मग माणसांना हाताने शेतांच्या कडा आखायला बसावं लागे. हे काम करणाऱ्यांना कचेरीत 'आखणारे' म्हणत. आखणाऱ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईंना काय काय म्हणत, ते बाईंच्या पाठीमागे म्हणत.

नकाशा आज संध्याकाळी बाहेर पडायचा होता. शेवटचे काही तुकडे नजरेखालून घालायचे, सही ठोकायची आणि सुटायचं, एवढंच बाईंच्या मनात होतं. पण म्हणतात ना, नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं. बाई उठल्या आणि तडक प्रमुखबाईंच्या खोलीत गेल्या.

प्रमुखबाईंनी तुकडा पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"हा पोरखेळ नाही, बाई," त्या म्हणाल्या. "जंगल तोडून पिकवलेला माल हल्ली मोठे व्यापारी घेत नाहीत. घेण्याआधी आपला नकाशा बघतात. शेत जुनं असेल तर माल चालतो, जंगल तोडून केलेलं असेल तर नाही. आज आपण या जंगलाला शेत म्हटलं, की उद्या कुणीही तिथे कुऱ्हाड चालवेल आणि म्हणेल, इथे पहिल्यापासून शेतच होतं, बघा नकाशात!"

"म्हणजे कुणीतरी पैसे खाल्ले, असं म्हणता?"

"मी काही म्हणत नाही. लोक म्हणतील. हा तुकडा मोठ्या पडद्यावर आखलाय, परवा."

मोठा पडदा म्हणजे दालनाच्या कोपऱ्यातला भिंतीएवढा संगणक. अवघड तुकडे त्यावर करायचे. तो साऱ्यांचा सामाईक होता, त्यामुळे काम कधी झालं ते त्याला कळे, कुणी केलं ते कळत नसे. परवा त्यावर तिघंजण बसले होते. दोघं जुने, आणि एक नवी.

"त्या नवीने म्हणे कुणी जवळ आलं की पडदा घाईघाईने बंद केला," प्रमुखबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "चारजणांनी पाहिलंय. ती नवी कोण, ते मी तुम्हाला सांगायला नको."

सांगायला नकोच होतं. ती बाईंची सून होती.

२

सहा महिन्यांपूर्वी सून या कचेरीत लागली, ती स्वतःच्या हिमतीवर. बाईंनी एका शब्दाने कुणाला सांगितलं नव्हतं. उलट मुलाखतीच्या दिवशी त्या मुद्दाम रजेवर गेल्या होत्या. कचेरीत सून त्यांना इतरांसारखंच 'बाई' म्हणे आणि घरी पोचलं की 'आई'. दोघी एकाच रिक्षाने येत आणि दारात उतरल्यावर अनोळखी असल्यासारख्या दोन जिन्यांनी वर जात. लोकांना ह्याची फार गंमत वाटे.

"तिच्या कायम नोकरीचं पत्र माझ्या टेबलावर आहे," प्रमुखबाई म्हणाल्या. "आज सही करणार होते. आता संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर मला दुसरं पत्र लिहावं लागेल. लाचेचा नुसता वास आला तरी आपल्या नकाशावर कुणी विश्वास ठेवणार नाही. आणि तिच्यावर एकदा तो शिक्का बसला, की या धंद्यात तिला कुणी दारात उभं करणार नाही."

"तपास मी करते."

"तुम्ही? अहो, सून आहे तुमची! लोक म्हणतील, आपला तो बाळ्या."

"सून आहे म्हणूनच मला द्या," बाई म्हणाल्या. "दुसरा कुणी दया येऊन सोडून देईल तिला. मी नाही सोडणार."

प्रमुखबाईंना हसू आवरेना. तपास बाईंना मिळाला.

पण एक गोष्ट त्यांनी प्रमुखबाईंना सांगितली नव्हती. काल घरी सून मागच्या अंगाला उभी राहून फोनवर कुजबुजत होती, आणि बाईंच्या कानांनी, जे तसे या वयात फारसं काम करत नाहीत, नेमकं एक वाक्य टिपलं होतं.

"आईंना अजिबात कळता कामा नये. कळलं तर सगळंच फसेल."

३

बाईंनी आधी गोगलगायला गाठलं. गोगलगाय हा चांगला सहा फूट उंच, मिशाळ पुरुष होता. पण कामाला एवढा सावकाश की हे नाव त्याला चिकटलं ते चिकटलंच. त्यालाही ते आवडे.

"मी परवा मोठ्या पडद्यावर होतो ना," तो म्हणाला. "एक शेत आखलं."

"एक?"

"दीड म्हणा हवं तर."

"आणि हे?" बाईंनी जंगलातल्या शेतांचा छापील कागद पुढे केला. गोगलगायने तो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि चक्क सुस्कारा सोडला.

"काय सुरेख हात आहे हो! बघा ना, उताराच्या वळणाने कडा कशी वळवलीय. आणि या शेताच्या मधे गोल जागा सोडलीय, ती किती निगुतीने. बाई, हे ज्याने केलं त्याला शिक्षा करा, पण आधी त्याच्याकडून मला शिकवणी लावून द्या."

बाई दचकल्या. खोटंच आखायचं होतं तर चार चौकोन ओढले असते तरी भागलं असतं. चोर कधी रांगोळी काढून चोरी करतो का? आणि शेताच्या मधे गोल जागा कशाला सोडायची?

"तू डोंगराळ तुकडे करतोस तेव्हा तो पांगुळगाडा वापरतोस का रे?" त्यांनी सहज विचारलं.

"वापरतो म्हणजे! त्याच्याशिवाय मला काही म्हणजे काही दिसत नाही."

पांगुळगाडा म्हणजे पडद्यावरचं एक बटण. त्याची कथा अशी. आपल्या डोळ्यांना जन्मापासून सवय, उजेड वरून येणार. या फोटोंत मात्र ऊन खालच्या कडेकडून येतं आणि सावल्या वर पडतात. त्यामुळे डोळे फसतात. दरी असते तिथे डोंगर दिसतो, डोंगर असतो तिथे दरी, आणि नदी बिचारी डोंगराच्या माथ्यावरून वाहताना दिसते. उपाय सोपा आहे. फोटो उलटा फिरवला की सगळं जागच्या जागी बसतं. बटण दाबलं की फोटो फिरतो, काम संपलं की फोटो आणि आखलेल्या कडा दोन्ही आपोआप परत सरळ होतात. फक्त बटण दाबलं की पडद्यावर हा एवढा मोठा लाल बाण येतो, आणि तो साऱ्या दालनाला दिसतो.

त्याला पांगुळगाडा हे नाव ठेवलं होतं गरुडाने.

गरुड हे कचेरीतले सर्वांत जुने आखणारे, आणि परवा मोठ्या पडद्यावर बसलेल्या तिघांतले दुसरे जुने. नजर एवढी तीक्ष्ण की ढगाच्या सावलीतलं शेतही ओळखत. अवघड तुकडा आला की ते उभे राहत, कमरेत वाकत, मान पार खांद्यापलीकडे कलती करत आणि क्षणभर तसेच बघत राहत. मग खाली बसून सरसर कडा आखत. नवी पोरं म्हणत, गरुडाने मान वळवली, आता शिकार झालीच समजा. बाईंनाही त्यांच्याबद्दल फार आदर होता. कडा बघायला त्यांना गरुडांनीच शिकवलं होतं.

या आठवड्यात मात्र गरुडाच्या मानेला पट्टा होता. मान धरली होती, आणि डॉक्टरांनी ती वळवायला सक्त मनाई केली होती. ते पट्ट्यात ताठ बसून चहा पीत होते, आणि पेल्याचा तळ गाठायला त्यांना सगळंच्या सगळं मागे झुकावं लागत होतं.

"मानेचं कसं आहे?" बाईंनी विचारलं.

"आहे आपली धडावर," गरुड म्हणाले. पण हसले नाहीत. एरवी स्वतःच्या विनोदाला आधी तेच हसत.

"जंगलातली शेतं पाहिलीत?"

"ऐकलं." गरुडांनी पेला खाली ठेवला. "वाईट झालं. कुणाचं नाव घेऊ नये, पण... नवी माणसं असतात, मोह होतो. पोरगी तशी चांगली आहे हो."

"कोण पोरगी? मी तर कुणाचं नाव घेतलं नाही."

गरुडांनी मान हलवायचा प्रयत्न केला आणि "आई गं!" करून कळवळले. बाई तिथून निघाल्या. एवढा मोकळा माणूस आज नजर का चुकवतो, हे त्यांना कळेना. पण त्याहून मोठं काम पुढे होतं. आता सुनेला समोर बसवायचं होतं.

४

बाईंनी छोट्या खोलीचं दार लावून घेतलं. टेबलाच्या एका बाजूला त्या बसल्या, समोर सून. मधे जंगलाचा छापील फोटो आणि त्यावर एक पारदर्शक कागद, ज्यावर बाईंनी ती खोटी शेतं गिरवून घेतली होती. पडद्यावर सगळं दिसत असताना बाई अजून कागद गिरवत बसतात, म्हणून कचेरी त्यांना हसे. बाई म्हणत, हसणाऱ्याचे दात दिसतात, माझ्या चुका दिसत नाहीत.

"परवा मोठ्या पडद्यावर काय करत होतीस?"

सुनेने उगाच ओढणी सारखी केली.

"कुणी आलं की बंद करत होतीस म्हणे."

सुनेचे कान लाल झाले.

"आणि काल फोनवर कुणाला सांगत होतीस, आईंना कळता कामा नये म्हणून?"

"ऐकलंत तुम्ही?" सुनेने कपाळावर हात मारला. "एरवी दारावरची घंटा ऐकू येत नाही तुम्हाला!"

"विषय बदलू नकोस. अगं, नोकरी जायची वेळ आलीय तुझी. जे असेल ते सांग. वाईट असेल तर वाईट सांग. पण सांग."

बाईंचा आवाज कापला. सुनेने ते ऐकलं आणि तिचा सगळा ताठा उतरला.

"तुमची साठी आहे ना पुढच्या महिन्यात," ती पुटपुटली. "भिंतीवर लावायला एक चित्र करत होते. नुसत्या शेतांचं. जगात कुठे कुठे शेतांचे आकार अक्षरांसारखे असतात ना, ते शोधून त्यातून 'आई' लिहायचं होतं. फोन तुमच्या मुलालाच होता. 'आ' सापडला, दोन कालव्यांच्या मधे, अगदी काना-बिना देऊन. पण 'ई' काही केल्या सापडेना! साऱ्या पृथ्वीवर हो, एक शेत नाही त्या आकाराचं. जेवणाची सुट्टी संपेपर्यंत शोधत होते."

बाईंनी चष्मा पुसायला घेतला, तो बराच वेळ पुसत राहिल्या. चाळीस वर्षं लोकांच्या चुका काढल्या, पण इतकी गोड गोष्ट कुणी त्यांच्यापासून लपवली नव्हती. त्यांना एकदम लाज वाटली आणि त्याच वेळी आनंदही झाला.

"कुठून सापडणार 'ई'," त्या शेवटी म्हणाल्या. "असं वेडंवाकडं शेत कोण नांगरेल?"

दोघीही खुदकन हसल्या. पण लगेच बाईंच्या ध्यानात आलं, की हे त्या दोघींना पटलं तरी बाहेर कुणाला पटणार नाही. सासूने सुनेची गोड गोष्ट ऐकली आणि सोडून दिलं, असंच लोक म्हणतील. पुरावा हवा होता. सापडलेला 'आ' दाखवला तर तिने 'आ' शोधला एवढंच सिद्ध होईल, जंगल आखलं नाही हे सिद्ध होणार नाही.

तेवढ्यात सून टेबलावर ओणवी झाली. समोर बसल्यामुळे तिला कागद उलटा दिसत होता. तिने गिरवलेल्या एका शेतावर बोट ठेवलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"आई," कचेरीतला नियम विसरून ती म्हणाली, "ही शेतं मी पाहिली आहेत."

५

"पाहिली आहेस? कुठे?"

"इथंच. याच फोटोत." सुनेने पारदर्शक कागद बाजूला सरकवला आणि फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट नेलं. "हे बघा ना, नदीच्या काठाला. हा उताराचा बाक, ही अरुंद पट्टी, आणि या मोठ्या शेताच्या मधे हे गोल तळं."

बाई फोटोवर वाकल्या. जंगलातल्या शेतांनी सगळ्यांचे डोळे असे दिपले होते, की खाली नदीकाठी कुणी बघितलंच नव्हतं. तिथे खरीखुरी, नांगरलेली शेतं होती, आणि त्यांच्याभोवती कडेचा पत्ता नव्हता. जिथे शेतं होती तिथे आखली नव्हती आणि जिथे नव्हती तिथे आखली होती.

बाई ताडकन उठल्या. त्यांनी पारदर्शक कागद उचलला, अर्धा फिरवला, म्हणजे वरची कड खाली आणि खालची वर, आणि फोटोवर ठेवला.

डब्यावर झाकण बसावं तसा तो बसला. एकूण एक कड नदीकाठच्या शेतांवर आली, आणि गोल मोकळी जागा बरोबर तळ्यावर.

"अगं, लाच नाही की बीच नाही!" बाई ओरडल्या. "कुणीतरी फोटो उलटा करून आखलाय, आणि परत सुलटा करायचा विसरलाय! नदीची शेतं डोंगरावर चढली ती अशी!"

सून टाळ्या वाजवायच्या बेतात होती, पण थांबली. "पण असं होईल कसं? पांगुळगाडा दाबला की सगळं आपोआप सरळ होतं. मी तर दिवसभर दाबत असते. माझ्याकडून विसरायचं म्हटलं तरी विसरता येणार नाही."

"तेच तर," बाई म्हणाल्या, आणि खुर्चीत बसल्या. "तुझ्याकडून नाही. गोगलगायकडून नाही. जो पांगुळगाडा धरतो तो या जागी पडूच शकत नाही. पडला तो, जो धरत नाही."

आणि मग त्यांच्या डोळ्यांपुढे मानेचा तो पट्टा आला. कमरेत वाकणं, मान खांद्यापलीकडे कलती करणं, ती प्रसिद्ध गरुडझेप. इतकी वर्षं साऱ्या कचेरीने ज्याला नजरेची जादू म्हटलं, ती होती तरी काय? माणूस मान उलटी करून फोटो बघत होता, एवढंच! गरुडांनाही दरी डोंगरासारखीच दिसत होती, सगळ्यांसारखी. आणि या आठवड्यात मान वळवायला बंदी झाली.

"आता काय करायचं?" सुनेने हळूच विचारलं. तिलाही कळलं होतं.

बाईंना गरुडांचा राग आला होता, चांगला सणसणीत. सकाळपासून हा माणूस बघत होता की पोरीच्या गळ्याला फास लागतोय, आणि चहा पीत बसला होता. पण त्यांनीच आपल्याला हे काम शिकवलं, हेही खरं होतं.

"चल," त्या शेवटी म्हणाल्या. "सगळ्यांना मोठ्या पडद्यापाशी बोलाव."

६

दालन भरलं. प्रमुखबाई खुर्ची ओढून पुढे बसल्या. बाईंनी फोटो पडद्यावर लावला, कागद फिरवून दाखवला, आणि शेतं नदीकाठी उतरली तशी साऱ्या दालनातून "अरेच्चा!" निघालं. प्रमुखबाईंनी सुटकेचा एवढा मोठा निःश्वास टाकला की पुढचे कागद उडाले.

"म्हणजे चोरी नाही!"

"चोरी नाही. चूक आहे," बाई म्हणाल्या. "पण चूक कशी झाली ते ऐका. ज्याने आखलं त्याने बटण दाबलं नाही. फोटो बाहेर काढला, पडद्यावरच वेगळी साधी खिडकी उघडून त्यात हाताने उलटा केला, त्यावर सुरेख कडा आखल्या, आणि आणून चिकटवताना सुलट्या करायच्या राहिल्या."

"एक बटण दाबायचं सोडून एवढा द्राविडी प्राणायाम कोण करेल?" गोगलगायने विचारलं.

"ज्याला लाल बाणाची लाज वाटते तो. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या पांगुळगाड्याला हसून घेतलंय, आणि ज्याला स्वतःला चालता येत नाही हे कुणाला कळू द्यायचं नाही, तो." बाईंनी कुणाकडेही पाहिलं नाही. "नाव मी सांगणार नाही. चूक करणं गुन्हा नाही. पण आपली चूक दुसऱ्याच्या अंगावर वाळत घालणं, हे मात्र मला बघवत नाही."

लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथे सून तर समोरच उभी होती, पण लागायचं ते दुसऱ्यालाच लागलं.

प्रमुखबाई म्हणाल्या, "मला नाव हवंय, बाई. नावाशिवाय पत्रावर सही होणार नाही."

बाईंनी ओठ घट्ट मिटले. सून त्यांच्याकडे बघत होती. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पुढे सरकत होता, आणि तरी बाई बोलेनात.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"मी," गरुड म्हणाले. ते अख्खेच्या अख्खे वळले, कारण नुसती मान वळत नव्हती. "मी आखलं. सकाळी ऐकलं तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, काय झालंय ते. बोलायला तोंड उघडलं, आणि लाज वाटली. इतकी वर्षं गरुड म्हणवून घेतलं आणि दरी दिसत नाही म्हणून सांगू? लोक काय म्हणतील? आणि तेवढ्यात लोक या पोरीचं नाव घ्यायला लागले. मी गप्प बसलो. गप्प बसलो आणि वर बाईंच्यापाशी नको ते बोललो."

ते सुनेपुढे येऊन उभे राहिले. "वाकता येत नाही गं मला, नाहीतर तुझ्यापुढे वाकलो असतो."

"काका, तुम्ही सकाळपासून बघत होतात!" सून म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज खणखणीत होता. "माझी नोकरी जात होती. मला भीती वाटत होती. आणि तुम्ही चहा पीत होतात!"

"गोड लागत नव्हता," गरुड म्हणाले, इतक्या केविलवाण्या चेहऱ्याने की कुणाला हसावं की रागवावं कळेना. सुनेलाही कळलं नाही. ती आधी रागावली, मग हसली.

"दाबा," ती पडद्याकडे बोट करून म्हणाली. "सगळ्यांच्या समोर. तो तुकडा परत नीट करा, पांगुळगाडा धरून. मग विचार करते माफीचा."

गरुडांनी बटण दाबलं. हा एवढा लाल बाण आला, फोटो गर्रकन फिरला, आणि जो डोंगर होता तो खाली खचत खचत दरी झाला. नदी माथ्यावरून उतरली आणि तळाशी जाऊन वाहायला लागली.

"अरे!" गरुड लहान मुलासारखे ओरडले. "अरे, काय सुंदर आहे ही दरी! इतकं सोपं होतं?"

"मला पण बटणाशिवाय दिसत नाही," मागून एकजण म्हणाला.

"मला तर अजून नदी डोंगरावरच दिसते, मी ओळखीने आखतो," दुसरा म्हणाला. बघता बघता अर्धं दालन कबुली द्यायला लागलं. इतकी वर्षं प्रत्येकाला वाटत होतं, आपल्यालाच तेवढं दिसत नाही, आणि जो तो शेजाऱ्याच्या नजरेला वचकून होता.

"प्रमुखबाई, तुम्हाला?" गोगलगायने सावकाश विचारलं.

प्रमुखबाई क्षणभर छताकडे बघत राहिल्या. "मला कधीच दिसली नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून तर प्रमुख झाले. आखायचं काम सुटलं!"

दालनात असा हशा उठला की खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. त्या गडबडीतच प्रमुखबाईंनी पत्रावर सही केली, सुनेच्या हातात ठेवलं आणि वर हुकूम सोडला, की यापुढे डोंगराळ तुकडा उघडला की बटण आपोआप दाबलेलंच असेल, कुणी लाजायचं कारण नाही. गरुडांनी नदीकाठची शेतं बटण धरून पुन्हा आखली. बाईंनी ती नेहमीसारखी बारकाईने तपासली आणि एका कडेत चूक काढली. तिला गरुड "बरोबर आहे हो बाई" म्हणाले. नकाशा वेळेवर गेला.

७

संध्याकाळी सासूसुना पहिल्यांदाच एका जिन्याने खाली उतरल्या. रिक्षा न करता चालतच निघाल्या. पत्र सुनेच्या पिशवीत होतं, आणि दर चार पावलांनी ती पिशवीत हात घालून ते आहे ना ते बघत होती.

मग म्हणाली, "आई, खरं सांगा. तुम्हाला माझा संशय आला होता?"

बाईंना खोटं बोलता आलं असतं. पण त्यांना त्याची सवय नव्हती.

"आला होता," त्या म्हणाल्या. "फोनवरचं ऐकलं होतं ना. सकाळी काही वेळ अगदी छातीत धस्स झालं होतं."

"मग?"

"मग काय, तपासला. घरच्या माणसाला आधी तपासावं. मग बाहेर छाती ठोकून बोलता येतं."

सून चालता चालता थांबली. कमरेवर हात ठेवले. "म्हणजे संशय आलाच होता तर. बरं. आता घरी गेल्यावर मी रुसणार आहे."

"रुसणार?"

"हो. आणि समजूत तुम्ही काढायची. तुमच्या मुलाने नाही, तुम्ही."

"सासू कुठे सुनेची समजूत काढते?"

"आजपासून काढते. आणि सांगून ठेवते, मी लवकर मानणार नाही."

बाईंनी तिच्याकडे बघितलं. रुसायच्या आधीच तिच्या ओठांवर हसू फुटत होतं, ते दाबताना तिची नुसती तारांबळ उडाली होती. बाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी भर रस्त्यात तिच्या गालाला हात लावला.

"काही घाई नाही गं," त्या म्हणाल्या. "उद्या सुट्टी आहे. सावकाश रुस."